चंद्रीचे पथ्य

कुत्रीची नसबंदी करावी की करू नये, या प्रश्नावर आपल्याकडे न्यायालयापासून नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र कडाक्याने वाद होतात, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया तर कसलेला पशुवैद्य तासाभराच्या आत उरकून हात धुऊन मोकळा होतो. परंतु या दोहोंच्या पलीकडे जे दहा-बारा दिवस उरतात, ज्या दिवसांत ते जनावर घरी आणलेले असते, पोटावरचे टाके ओले असतात, आणि आपल्यावर काय गुदरले व का गुदरले याचा त्या मुक्या जिवाला पत्ता नसतो, त्या दिवसांचा विचार वाद घालणारा करीत नाही आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो एका चिठ्ठीवर चार ओळींत लिहून द्यावा लागतो. त्या चार ओळींवरून आमच्या शेजारच्या घरी जो वाद पेटला, तो येथे सादर करण्याचा विचार आहे.

आळंदीची कुत्री ही निराळीच प्रजा आहे. इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर धर्मशाळा, मठ आणि मंगल कार्यालये यांची दाटी. लग्नसराईत एकेका दिवशी उठणाऱ्या पंगती मोजता येऊ नयेत इतक्या. वारीच्या दिवसांत अन्नछत्रे अहोरात्र चाललेली. तेव्हा या गावात कुत्र्याला उपास घडणे जवळजवळ अशक्य. परंतु पोट भरण्याची जितकी शाश्वती तितकीच जीव वाचण्याची अशाश्वती, कारण मोशी, भोसरी आणि चाकण यांच्या कारखान्यांनी गावाभोवतीचे सगळे रस्ते रात्रंदिवस जागते ठेवले आहेत आणि अवजड वाहनाच्या चालकाला अंधारात पिल्लू दिसत नाही. भरल्या ताटाने प्रजा वाढावी आणि चाकाने ती कमी करावी, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. क्षेत्राच्या माहात्म्यवर्णनात तो येत नाही, इतकेच.

आमचे शेजारी अण्णा हे खेडच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले, आषाढी आणि कार्तिकी न चुकविणारे गृहस्थ. त्यांच्या सूनबाई चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता-तपासणीच्या खात्यात, पाळ्यांची नोकरी करणाऱ्या. चंद्री ही कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबडी कुत्री निम्मी या घरची आणि निम्मी गल्लीची. आषाढीचा गोपाळकाला आटोपून अण्णा एस.टी.ने परतले, त्याच दिवशी सकाळी चंद्रीची, आमच्या गल्लीतील बायकांच्या भाषेत, पिशवी काढून आणली होती. त्या संध्याकाळपासून मधल्या भिंतीवरून जे कानी आले आणि पुढे मला मध्यस्थ समजून जे माझ्यासमोरच बोलले गेले, ते थोडे सावरून देतो. बोलताना कोणी पूर्णविराम देत नाही, लिहिताना द्यावा लागतो.

अण्णा : मी माउलींच्या पालखीबरोबर निघालो तेव्हा ही कुत्री धडधाकट होती. परत येऊन पाहतो तो पोटावर टाके, गळ्यात हे प्लास्टिकचे भांडे, आणि चालताना तोल जातो आहे. हे कोणाच्या हुकुमाने झाले?

सूनबाई : माझ्या. तुम्ही असता तर विचारावे लागले असते, आणि तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून तुम्ही नसताना केले. लपवीत नाही.

अण्णा : मला विचारले नाहीस याचे दुःख नाही. तिला कोणी विचारले? सूनबाई, माझे उभे आयुष्य दफ्तरात गेले. सात-बाराच्या उताऱ्यावर एक नाव कमी करून दुसरे चढवावयाचे, तर आम्ही हितसंबंधीयांना नोटीस काढीत होतो, हरकतीला मुदत देत होतो, आणि हरकत आली तर सुनावणी घेत होतो. येथे एका जिवाची वंशवेल मुळासकट खुडली. नोटीस कोणावर बजावली?

सूनबाई : गेल्या कार्तिकीत हिला पाच पिल्ले झाली. दोन मोशीच्या रस्त्यावर डंपरखाली गेली, तिघांना रक्ताचे जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती थंड पडली. लस दिलेली नव्हती, पार्व्हो होता. त्यांच्यावरही कोणी नोटीस बजावली नव्हती, अण्णा. ती पोत्यात भरून न्यावयाला मीच होते.

अण्णा : जन्म आणि मरण हे देवाच्या अखत्यारीतले. ज्या गावात आपण राहतो, त्या गावच्या देवाने रेड्याच्या मुखी वेद आणला. त्या रेड्याचीसुद्धा जुन्नर तालुक्यात आळे येथे समाधी आहे, आणि लोक तिच्यापुढे हात जोडतात. नामदेव महाराजांची पोळी कुत्र्याने पळविली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आपण मागे धावतो ते कशासाठी? तर पोट चिरण्यासाठी.

सूनबाई : नामदेव महाराजांच्या दारी एक कुत्रा आला होता. एकाला तूप पुरते.

हे उत्तर अण्णांना मुळीच आवडले नाही, आणि मलाही ते जरा उद्धट वाटले. तथापि त्यात जो हिशेब आहे तो टाळता येण्यासारखा नाही. कुत्री साधारणतः सहा-सात महिन्यांच्या अंतराने माजावर येते, सुमारे त्रेसष्ट दिवस गाभण राहते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज देते. हा वेग आवरण्याचा जो उपाय आपल्या इकडच्या सत्तांना प्रथम सुचला तो मारण्याचा. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात पारशी मंडळींनी दुकाने बंद ठेवून जी दंगल केली, तिचे कारण हेच होते : कंपनी सरकारने बेवारशी कुत्री मारावयास माणसे लावली होती आणि मारलेल्या नगामागे बक्षीस ठेवले होते; बक्षिसाच्या लोभाने ती माणसे घरांतील पाळीव कुत्र्यांनाही सोडीत ना. त्यानंतर दीडशे वर्षे गावोगावच्या नगरपालिका विष घालण्याचे आणि विजेचा धक्का देण्याचे काम करीत राहिल्या, आणि कुत्री होती तितकीच राहिली. कारण मेलेल्याची जागा आणि त्याच्या वाट्याचे उष्टे घ्यावयास शेजारच्या गल्लीतून दुसरे येते. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ साली जे नियम झाले आणि २०२३ साली जे नव्याने केले गेले, त्यांनी मारण्याच्या जागी नसबंदी व लस आणली. अण्णांना या नियमांची माहिती अर्थातच होती, आणि ती त्यांनी विरुद्ध पक्षाच्या बाजूने असूनही प्रामाणिकपणे सांगितली. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेस दिल्ली व तिच्या परिसरातील कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा जो हुकूम केला आणि २२ तारखेस मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व अंगावर जाणारी वगळता बाकीची नसबंदी आणि लसीनंतर जिथल्या तिथे परत सोडावीत असे जे ठरविले, तोही त्यांनी तारीखवार सांगितला. कारकुनाची सचोटी ती हीच.

अण्णा : बरे, रस्त्यावरच्या संख्येसाठी सरकार काही करील, ते मी समजू शकतो. पण हिच्या प्रकृतीला त्यात काय लाभ? निरोगी शरीरातला अवयव काढणे याला वैद्यक म्हणावयाचे का?

सूनबाई : वय झालेल्या, न कापलेल्या कुत्रीच्या पिशवीत पू होतो. माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती फार पाणी पिऊ लागते, खात नाही, मलूल होते, आणि घरच्यांच्या ध्यानात येईपर्यंत जिवावर बेतते. मग तीच शस्त्रक्रिया तापात आणि विषाने भरलेल्या अंगावर करावी लागते. पिशवी नाही, तर तो रोग नाही. स्तनांच्या गाठींचेही तसेच. पहिल्या माजाच्या आधी केले तर त्या फार क्वचित होतात. जसजसा उशीर, तसतसा लाभ कमी. किती कमी, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि चंद्रीला उशीर झाला, हेही मला माहीत आहे. तोटेही आहेत. काही कुत्र्यांना पुढे झोपेत लघवी गळते, आणि वजन तर बहुतेकींचे वाढते. मी सगळे विचारून घेतले होते.

अण्णा : सगळ्यांना विचारलेस. जिचे पोट, ती सोडून.

सूनबाई : तिला विचारता आले असते तर विचारले असते.

अण्णा : मग ऐक. ज्या व्यवहारात दुसऱ्या पक्षाची संमती घेताच येत नाही, त्या व्यवहारात करणाऱ्यावर भार दुप्पट पडतो, असे माझे मत आहे. अज्ञान वारसाच्या जमिनीला पालक नेमतात, तेव्हा पालकाने उपकार केला असे कोणी म्हणत नाही. त्याच्याकडून पै-पैचा हिशेब घेतात. तू आता या कुत्रीची अज्ञान-पालक झालीस. हे दहा दिवस तू जे करशील ती भूतदया नव्हे, ते देणे आहे. फेड. आणि कारखान्यातून रजा घे.

सूनबाई : रजा दोनच दिवस मिळाली. परवापासून दुसरी पाळी.

येथे दोघेही थोडा वेळ गप्प राहिले, कारण पुढचा प्रश्न दोघांनाही दिसत होता : सूनबाई दुपारी चाकणला गेल्या म्हणजे मध्यरात्रीपर्यंत घरात अण्णांवाचून कोणी नाही. ज्याने हरकत घेतली त्याच्याच अंगावर अंमलबजावणी यावी, हा प्रकार सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळदा सोसलेला होता, आणि तो घरातही आला तेव्हा त्यांनी कुरकुर केली ती केवळ रिवाज म्हणून, असे मला वाटते. शुश्रूषेसंबंधीचे माझे स्वतःचे मत या संवादाने बदलले आहे. आपण पाळीव जनावरावर शस्त्रक्रिया करवितो तेव्हा पैसे भरले, चिठ्ठी घेतली, की आपला वाटा संपला असे आपल्याला वाटू लागते, आणि मग रात्री उठून पाहणे हा आपल्या कोमल अंतःकरणाचा जादा व्यय वाटतो. अण्णांचा पालकाचा दाखला या समजुतीला सुरुंग लावतो.

पहिली रात्र सूनबाईंची होती.

अण्णा : ही कण्हते आहे. दुखत असणार. माझी ती अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ का?

सूनबाई : नका, अण्णा. माणसाची गोळी कुत्र्याला मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेनने त्यांच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्याला जी मात्रा क्षुल्लक, ती त्यांना विष. तिचे वेदनाशामक औषध तिच्या वजनावरून दिलेले आहे, ते उद्या सकाळी खाण्याबरोबर. आजचे कण्हणे बरेचसे भुलीचे आहे. भूल उतरताना त्यांना आपण कोठे आहो हेच कळत नाही. कण्हतात, थरथरतात, भिंतीकडे टक लावून बसतात. ते सकाळपर्यंत निवते.

अण्णा : थरथरते आहे ती थंडीने.

सूनबाई : होय, तीही आहे. भुलीत अंग गार पडते. म्हणून खाली पोते, त्यावर चादर, आणि जमिनीवरच. खाटेवर नको, तोल जाऊन पडेल. पाणी थोडे थोडे. खाणे निम्मे, आणि तेही ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर, नाहीतर उलटी होऊन श्वासनलिकेत जाते. हिरड्या पाहा, अशा. गुलाबी आहेत ना? बोटाने दाबल्यावर पांढऱ्या होऊन लगेच पुन्हा गुलाबी झाल्या पाहिजेत. फिक्कट पडल्या, पोट फुगले, उठेनाशी झाली, तर आतून रक्त जात असेल. मग सकाळची वाट पाहावयाची नाही, मला फोन करावयाचा आणि रिक्षा बोलवावयाची.

अण्णांनी त्या रात्री एक जुनी चोपडी काढली आणि तिच्यात रकाने आखले : दिनांक, वेळ, ताप, खाणे, पाणी, लघवी, शौच, जखमेची स्थिती, शेरा. ताप पाहण्याचे काम मात्र त्यांनी साफ नाकारले, कारण कुत्र्याचा ताप ज्या द्वाराने पाहावा लागतो तेथवर त्यांची भूतदया पोहोचत नव्हती. तो रकाना सूनबाईच भरीत, आणि १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे कुत्र्याचा ताप नव्हेच, ती त्याची प्रकृती, हे अण्णांनी त्या रकान्याच्या डोक्यावर तांबड्या शाईने लिहून ठेवले, अन्यथा पहिल्या आकड्यालाच त्यांनी गाव गोळा केला असता.

दुसऱ्या दिवशीचा वाद चाटण्यावरून.

अण्णा : हे भांडे काढ तिच्या गळ्यातले. दाराला धडकते, पाण्याच्या वाटीला धडकते, गल्लीतली पोरे कर्णा-कर्णा म्हणून हसतात. जनावर आपली जखम चाटून बरी करते, हे आजन्म पाहत आलो.

सूनबाई : तुमचे अगदीच खोटे नाही. कुत्र्याच्या लाळेत काही जंतू मारण्याचे गुण आहेत, ते तपासून पाहिलेले आहे. पण रानातल्या जखमेला टाके नसतात. येथे आत स्नायूंचे अस्तर शिवले आहे, त्यावर चरबीचा थर, त्यावर कातडे. चाटून चाटून कातडे ओले आणि मऊ पडते, आणि पुढच्या बारीक दातांनी ती एकदा दोरा ओढू लागली की तिला आवरणे नाही. वरचा टाका सुटला तर परत घालता येतो. आतला सुटला तर आतडे बाहेर येते. पाच मिनिटांचे काम आहे ते.

अण्णा : मग निदान हळद आणि खोबरेल लावू.

सूनबाई : काही लावावयाचे नाही. कोरडी ठेवावयाची. तेलाने टाक्यांवर धूळ बसते, आणि ओल राहिली तर जंतूंना बरेच होते. अंघोळही टाके निघेपर्यंत नाही.

अण्णा : आणि माशा? आषाढ चालू आहे, आपल्या पडवीत माशांचा सुळसुळाट आहे. तुझ्या त्या चिठ्ठीत माशांचे काही लिहिले आहे?

लिहिलेले नव्हते. छापील सूचनांची ही एक गंमत मी नेहमी पाहतो, की त्या बहुधा माशा नसलेल्या देशात तयार झालेल्या असतात. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली आणि अंडी घालून गेली की दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि मग घरचे लोक घाबरून फिनेल किंवा रॉकेल ओततात, ज्याने अळ्यांबरोबर जिवंत मांसही जळते आणि चाटल्यास पोटात विष जाते. अण्णांचा हा मुद्दा सूनबाईंनी मुकाट्याने मान्य केला, डॉक्टरांना फोन करून जखमेच्या कडेला मारावयाचा माशांचा फवारा आणविला, आणि पडवीत एक लहान मच्छरदाणी टांगली. अण्णांची कडुलिंबाच्या धुरीची सूचना मात्र फेटाळली गेली. खोकल्याने पोटावर ताण येतो. कर्ण्याच्या जोडीला, म्हणजे तो जेवणाच्या वेळी काढावा लागे तेव्हाच्या संरक्षणासाठी, अण्णांचीच एक जुनी बंडी कामी आली : पुढचे पाय बाह्यांतून, मागच्या पायांना दोन भोके, पाठीवर नाडी. लघवीच्या वेळी मागची बाजू वर खोचावी लागे, आणि भिजल्यास बदलावी लागे.

खाण्याचा प्रश्न या घरात नाजूक होता. सूनबाईंचे म्हणणे, जखम भरून येण्यास दोन उकडलेली अंडी द्यावीत. अण्णांचे म्हणणे, माळकऱ्याच्या घरात अंडे उंबरा ओलांडणार नाही. डॉक्टरांनी निकाल दिला तो अण्णांच्या बाजूने, म्हणजे चंद्री ज्या दूध-भाकरीवर आणि दहीभातावर वाढली तेच चालू ठेवावे, नव्या अन्नाने पोट बिघडते. वाटल्यास थोडे पनीर घालावे. आणखी एक गोष्ट अण्णांनी विजयी मुद्रेने मला सांगितली. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, म्हणून फोडणीचे वरण त्यांना घालू नये, असे डॉक्टर म्हणाले. आणि या घरात तर कांदेनवमी उलटून चातुर्मास लागलेला, तेव्हा कांदा-लसूण मुळातच वर्ज्य. शास्त्र आणि आचार यांची गाठ पडावी तर अशी अकल्पित पडावी.

पाचव्या दिवशी अनर्थ झाला. चंद्री जन्मापासून मोकळी. दोरी तिला ठाऊक नाही. तिला जिना चढू द्यावयाचा नाही, ओट्यावरून उडी मारू द्यावयाची नाही, लघवी-शौचापुरते दोरीने अंगणात न्यावयाचे आणि परत आणावयाचे, असा दंडक. चौथ्या दिवसापासून तिचे दुखणे कमी झाले आणि नेमकी तेव्हापासूनच ती रडू लागली. कारण बरे वाटू लागलेल्या प्राण्याला कोंडून घेणे हे आजारी प्राण्याला कोंडून घेण्यापेक्षा दुःसह असते. दुपारी अण्णांनी दोरी सोडली. ती थेट इंद्रायणीच्या घाटावर गेली, तेथील उष्ट्यावर दोन कुत्र्यांशी भांडली, आणि त्या गढूळ, फेसाळ पाण्यातून, ज्यात वरच्या गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे मळ दोन्ही उतरतात, भिजून परत आली. संध्याकाळपर्यंत टाक्यांखाली लिंबाएवढी गाठ आली.

सूनबाई : दोरी कोणी सोडली?

अण्णा : मी. ती माझ्याकडे पाहून रडत होती. मी उपास करतो, एकादशी करतो, चार महिने कांदा खात नाही. पथ्य म्हणजे काय हे मला तू शिकवू नकोस. परंतु पथ्य ज्याचे त्याने पाळावयाचे असते. दुसऱ्याकडून ते दोरीने पाळून घेणे, हे माझ्या हातून होत नाही.

सूनबाई : सासूबाईंना साखरेचा विकार झाला, तेव्हा डब्यातले बेसनाचे लाडू उचलून शेजारी कोणी नेऊन ठेवले होते?

अण्णा : तिला कारण सांगता येत होते.

सूनबाई : सांगून ऐकत होत्या?

अण्णा : नव्हती ऐकत.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आतला टाका शाबूत आहे. जास्त हालचालीने कातड्याखाली पाणी साचले आहे, ते टोचून काढू नये, जनावर शांत राहिल्यास आपोआप जिरेल. पू, दुर्गंधी किंवा ताप आला तर मात्र लगेच आणावे. मग त्यांनी विचारले, शेवटचे शौच कधी झाले, खाणे किती झाले, गाठ प्रथम किती वाजता दिसली. आणि अण्णांनी चोपडी पुढे केली. दुपारच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिले होते : ‘दोरी सोडली. सोडणार : मी.’ वाद घालणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वहस्ते नोंदवून ठेवणारा हा एकच. दोरीच्या प्रश्नात माझा कौल सूनबाईंना आहे, आणि तो मी तेथेच दिला. परंतु त्या रात्री दुसरी पाळी करून सूनबाई झोपल्या तेव्हा पडवीत चंद्रीच्या दोरीचे टोक मनगटाला बांधून बसलेले अण्णा होते, हेही सांगणे भाग आहे. नाही तर तो कौल अर्धवट होईल.

अण्णा : एक शंका. नसबंदी केंद्रात रस्त्यावरची कुत्री नेतात आणि थोड्या दिवसांनी परत सोडतात. त्यांना ना कर्णा, ना बंडी, ना चोपडी. ती कशी जगतात? मग हिच्यासाठीच हा एवढा खटाटोप का?

सूनबाई : तेथे पिंजरा असतो. त्यांना उडी मारावयाला जागाच नसते, आणि जखम पाहिल्याशिवाय सोडावयाचे नसते. छेद लहान घेतात, टाके विरघळणारे आणि कातड्याच्या आत लपविलेले, म्हणजे काढावयाला पुन्हा पकडावे लागत नाही. मग कानाला खाच पाडतात, पिसाळीची लस टोचतात आणि जेथून उचलली तेथेच सोडतात. काम नीट होते तेथे चांगले होते. पण पिंजऱ्यातल्या प्रत्येकीजवळ रात्री बसावयाला माणूस कोठून आणणार?

अण्णा : म्हणजे तेथे पिंजरा जे करतो ते येथे मी करतो.

सूनबाई : पिंजरा दोरी सोडीत नाही, अण्णा.

यावर अण्णा मोठ्याने हसले, आणि माझ्या माहितीप्रमाणे वारीहून परतल्यापासून प्रथमच. माउलींची पालखी पंढरपुराहून आळंदीस परत आली त्याच दिवशी टाके निघाले. त्यामुळे दवाखान्यातून परतताना रिक्षा गर्दीत अडकली आणि चंद्री टाळांच्या आवाजाने सूनबाईंच्या पदराखाली शिरली. गाठ जिरली होती. आता तिची भाकरी सुमारे पाव हिश्श्याने कमी करावी, कारण पिशवीबरोबर अंडाशये गेली म्हणजे अंगाची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, असे सांगण्यात आले. अण्णांनी ते चोपडीत उतरवून घेतले आणि पाळले नाही. या कलमावर अद्याप तंटा आहे.

अमावास्येच्या सुमारास सूनबाईंनी पुढचा विषय काढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीखाली एक पांढरी कुत्री असते, कोणाचीच नसलेली आणि म्हणून सर्वांची. तिचे काय करावे?

अण्णा : करू. पण कार्तिकी होऊन जाऊ दे. वद्य एकादशीपर्यंत घरात वारकऱ्यांची उतरण्याची गर्दी, दार रात्रंदिवस उघडे. तेव्हा हिला कोण सांभाळणार?

सूनबाई : कुत्री भाद्रपदात माजावर येतात, हे तर तुम्हीच म्हणता. भाद्रपदापासून त्रेसष्ट दिवस मोजा. पिल्ले नेमकी कार्तिकीच्या गर्दीत होतील, गेल्या वर्षी चंद्रीला झाली तशीच. आणि माजावर असताना शस्त्रक्रिया नको म्हणतात. रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. श्रावणातच झाले पाहिजे.

अण्णा : श्रावणात वद्य अष्टमी आहे. गोकुळाष्टमी, आणि माउलींचा जन्मोत्सव. त्या दिवशी घरी पानात पंचवीस माणसे.

सूनबाई : मग नारळी पौर्णिमेला करू.

अण्णा : पौर्णिमेपासून अष्टमीपर्यंत आठ दिवस होतात. टाक्यांना दहा-बारा लागतात. कारखान्यात हिशेब कोण करतो तुमचा?

सूनबाई : बरे, नागपंचमीला.

अण्णा : नागपंचमीला चिरणे-कापणे वर्ज्य. षष्ठीला ने. आणि ती बंडी धुऊन ठेव.